सॅलडमध्ये द्राक्षं होती की नव्हती

९ मार्च, रविवार

सकाळी नेहमीच्या वेळी जाग आली. चहा केला. कुंड्यांना पाणी घातलं. दुपारी ब्रेडला लोणी लावून खाल्लं (लोणी कुठून आलं ते पुढे येईल). थोडा पडलो, झोप लागली नाही. उठून हे पत्र लिहायला बसलो.

अक्का,

तुम्हांला वाकून नमस्कार. पत्रातून वाकलेलं दिसत नाही, पण खरोखर वाकलो होतो, पेन खाली पडलं होतं तेवढ्यात तेही उरकून घेतलं. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, या दोन गोष्टींचा मेळ तुम्ही कसा घातलात तेही कळवा. तुमच्या यजमानांना नमस्कार. त्यांचा खोकला गेला असेल, किंवा निदान त्यांनी सिगारेट सोडल्याचं सोंग तरी सोडलं असेल. माझी प्रकृती ठीक आहे. तुम्ही फोनवर दर वेळी ‘जेवता ना?’ असं विचारता आणि मी ‘हो’ म्हणतो, ते खरं आहे. काय जेवतो हे तुम्ही विचारत नाही, तो तुमचा मोठेपणा.

फोनवर मला लांबलचक बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. धाकटी म्हणायची की मी फोनवर तार केल्यासारखा बोलतो. (तुम्ही तिला धाकटी म्हणायचात, म्हणून मीही इथे तसंच लिहितो. तिचं नाव लिहायला घेतलं की पेन अडतं. ती गेल्याला वर्ष व्हायचंय अजून, तोवर असंच चालवून घ्या.)

मागच्या आठवड्यात मी तुम्हांला फोन करून ‘धाकटी चिकन सॅलड कसं करायची?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही ‘कुणासाठी?’ असं दोनदा विचारलंत. माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं तुम्हांला वाटलं असणार. वाटणं बरोबरच आहे. मी मांस खात नाही, अंडंही खात नाही, हे तुमच्या घरात मी पहिल्यांदा आलो त्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. (मला बघायचं सोडून सगळे माझ्या ताटाकडे बघत होते.) तेव्हा हा सगळा प्रकार काय होता तो नीट सांगतो.

धाकटी ज्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींचा विभाग सांभाळायची, तिथे वर्षातून एकदा यंत्रांची तपासणी असते. त्या दिवशी वाफ बंद, धुणं बंद. मग तिथली सगळी माणसं घरून एकेक पदार्थ आणतात, घड्या घालायच्या लांब टेबलावर कोरी चादर अंथरतात आणि एकत्र जेवतात. प्रत्येकाचा पदार्थ वर्षानुवर्षं ठरलेला. धाकटीचं ते सॅलड: चिकन, क्रीम, फळं, अक्रोड-बदाम असलं थंडगार पांढरं काहीतरी. आदल्या दिवशी ती स्वयंपाकघराचं दार लावून ते करायची आणि मी बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचो. त्याच्याशी माझा संबंध तेवढाच.

तर तिथल्या मुख्य बाई मध्यंतरी घरी आल्या. धाकटीच्या कपाटातला स्वेटर, चपला आणि फणी असं सगळं एका पिशवीत घालून त्यांनी आणलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा पाणी मागून घेतलं. मग म्हणाल्या, “जेवण यंदाही आहे. यांच्या जागी जी नवी आलीय ना, ती म्हणते सॅलड मी आणते. दुकानात तयार मिळतं म्हणे, डब्यात. म्हटलं तुमच्या कानावर घालावं.” अक्का, कामावरची जागा भरली याचं मला काही वाटलं नाही. चादरी कुणासाठी थांबत नाहीत. पण टेबलावरची जागासुद्धा इतक्यात भरावी, आणि तीही डब्यातल्या सॅलडने? मी तोंड उघडलं आणि ‘सॅलड मी आणतो’ असं ऐकू आलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, म्हणजे मीच बोललो असणार. मुख्य बाई म्हणाल्या, “तुम्ही? अहो, तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही ना?” मी म्हणालो, “नाही. पण आणतो.” यंदाच्या जेवणात तिचं सॅलड तिच्यासारखंच लागलं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. ते कसं लागतं हे मला ठाऊक नाही, ही बाब त्या दारातून बाहेर पडल्यावर ध्यानात आली.

म्हणून तुम्हांला फोन केला. तुम्ही म्हणालात, सफरचंद, बेदाणे, मेयॉनीज आणि ‘क्रीम हवं तेवढं’. अक्का, हवं तेवढं म्हणजे कुणाला हवं तेवढं? माझा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. ‘अंदाजे’ म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर नोटीस देत आलो, आणि तुम्ही माझ्या सख्ख्या मेहुणी. तरी मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि खात्री करायला लाँड्रीच्या मागच्या दाराने गेलो. तिथे इस्त्रीवाले काका वाफेत उभे होते. त्यांना विचारलं, सॅलडमध्ये फळं कोणती असायची? बेदाणे की द्राक्षं? ते इस्त्री थांबवून म्हणाले, “द्राक्षं? सॅलडात द्राक्षं घालतं का कुणी! द्राक्षं असती तर मी तोंड लावलं असतं का त्याला? अक्रोड असायचे, भरपूर.” तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर गाठोडी उतरवत होता, तो तिथूनच ओरडला, “काका, तुमची जीभ पण इस्त्रीखाली आली वाटतं! हिरवी द्राक्षं असायची, अर्धी कापलेली. मी तर त्याच्यासाठीच खायचो.” दोघांची जुंपली. मुख्य बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की द्राक्षांचं त्यांना नक्की आठवत नाही, पण अक्रोड-बदाम मुळीच नसायचे, ‘माझ्या कवळीला झेपलं असतं का ते?’ एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत झालं, की त्याला मेयॉनीजचा, म्हणजे अंड्याचा वास कधी आला नाही. म्हणजे तुमचंही खोडून निघालं. एकच तराजू चार माणसांना चार वजनं दाखवायला लागला तर आम्ही त्याला सील ठोकतो. इथे सील कशाला ठोकायचं तेच मला कळेना.

चिकन आणणं हे सोपं काम असेल असं मी धरून चाललो होतो. आमच्या भागातल्या चिकनवाल्याचा काटा दर वर्षी मीच तपासतो. मी दुकानात पाऊल टाकताच त्याने हातातलं काम सोडून भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं, फुंकर मारून पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाला, “साहेब, शिक्का ताजा आहे. परवाच मारलाय तुम्ही.” मी म्हटलं, मला चिकन हवंय. त्याने रांगेतल्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कुणाला, साहेब?” मला. “तुम्ही खात नाही, साहेब. सगळ्या बाजाराला माहीत आहे.” आता त्याची पक्की समजूत झाली की मी गिऱ्हाइकाच्या वेषात सापळा लावायला आलो आहे. (वेष कुठला, नेहमीचाच शर्ट होता.) त्याने बिनहाडाचा छातीचा भाग काढला, काट्यावर ठेवला, काटा बरोबर आला तरी वर एक तुकडा टाकला, माझ्याकडे बघितलं, आणखी एक टाकला. मी म्हटलं, अहो, पुरे, हे जास्त होतंय. जास्त देणं हाही गुन्हा आहे की काय असं वाटून त्याने ते सगळं काढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मागच्या बाई म्हणाल्या, “साहेबांना आधी काय ते ठरवू द्या.” शेवटी मी डोळे मिटून उभा राहिलो, तेव्हा त्याला सुचेल तेवढं त्याने बांधून, वर वजन लिहून दिलं.

घरी आल्यावर ते पातेल्यात उकळायला ठेवलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. कितपत शिजवायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून जास्त शिजवलं. थंड झाल्यावर सवयीने वजन केलं तर ते चांगलंच घटलेलं! दुकानात बरोबर, घरात कमी. मी चष्मा पुसून पुन्हा वजन केलं. चोरी झाली खरी, पण घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि पातेल्यावर झाकण होतं. तक्रार कुणाविरुद्ध नोंदवायची याचा बराच विचार केल्यावर लक्षात आलं की पाणी निघून गेलं असणार. इतकी वर्षं मी दुकानातली वजनं तपासत आलो, पण माणसं ज्या वजनाचं जेवतात ते वेगळंच असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर हातमोजे घालून त्याच्या चिंध्या केल्या. (चिंध्याच. तुकडे करायचे होते.)

मग क्रीम. ते पातळ दिसलं म्हणून घोटायला घेतलं. घट्ट झालं. आणखी घट्ट झालं तर बरं, म्हणून आणखी घोटलं. रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या संपेपर्यंत हात चालू ठेवला. खाली बघितलं तर भांड्यात लोण्याचा गोळा आणि भोवती पाणी. दुपारी ब्रेडला लावलं ते हेच. दुकानात जाऊन दुसरं क्रीम आणलं, या वेळी हात न लावता त्यात घट्ट दही कालवलं. सफरचंद चिरून ठेवलं होतं ते तोवर लोखंडाला गंज चढावा तसं तपकिरी झालं, ते टाकून दुसरं चिरलं. अक्रोड फोडायला घरात काहीच नव्हतं. शेवटी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं खात्यातलं जुनं पितळी प्रमाण वजन घेतलं आणि त्याने फोडले. आमच्या साहेबांनी हे बघितलं असतं तर मला तिथेच निलंबित केलं असतं, आणि मी सही करून दिली असती. द्राक्षं घालायची की नाही हे मात्र ठरेना. एकदा घातली, इस्त्रीवाले काका आठवले, काढली. ड्रायव्हर आठवला, पुन्हा घातली. दही लागलेली द्राक्षं निसटतात हो, दोन शेगडीखाली गेली.

चिकन मिसळल्यावर मला चव घेता येणार नव्हती. म्हणून म्हटलं, आधी फळं, अक्रोड आणि क्रीम एवढंच कालवून चमचाभर बघावं, निदान मीठ तरी कळेल. चमचा तोंडात घातला आणि तसाच उभा राहिलो.

अक्का, ही चव मला माहीत होती. चांगली माहीत होती. त्या जेवणाच्या आदल्या रात्री दर वर्षी माझ्या ताटात एक पांढरी वाटी असायची. फळं आणि अक्रोड, क्रीममध्ये. मी समजायचो की त्या दिवशी घरात चिकन शिजतं, मला वास आवडत नाही, म्हणून माझी समजूत काढायला तिने काहीतरी गोड वेगळं केलंय. मी त्याला नावही विचारलं नाही कधी. ते तेच होतं. चिकन घालायच्या आधी ती माझी वाटी काढून ठेवायची, आणि म्हणूनच त्यात अंडं कधी नव्हतं. लाँड्रीतली माणसं इतकी वर्षं माझ्यापायी बिनअंड्याचं सॅलड खात आली. मला आधी हसू आलं. मग काय झालं ते लिहीत नाही. मग मिरपूड वाढवली, कारण ती वाढीव असायची, हे माझ्या जिभेला ठाऊक होतं. कुणाला विचारावं लागलं नाही. काल सकाळी चिकन मिसळलं.

बसमध्ये काचेचा मोठा वाडगा मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस सबंध रस्ताभर त्याच्याकडे बघत होता आणि उतरताना म्हणाला, सांभाळून हं. लाँड्रीत गेलो तर यंत्रं बंद, खोली नेहमीपेक्षा थंड, आणि लांब टेबलावर चादर अशी अंथरलेली की एक सुरकुती नाही. नवी बाई दाराशी उभी होती, चांगली तरुण आहे. तिने दुकानातला डबा आणलाच होता, ‘असू द्यावा म्हणून’. माझा वाडगा बघितल्यावर तिने तो पायाने हळूच टेबलाखाली सरकवला. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

सगळे बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी चमचा मुख्य बाईंपुढे केला, तर त्या म्हणाल्या, “अहो, मला काय देता? त्या स्वतः वाढायच्या. चमचा दुसऱ्याच्या हातात कधी दिला नाही त्यांनी.” मी उठून वाढायला लागलो. इस्त्रीवाल्या काकांना दिलं, त्यांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, “ही काय? द्राक्षं!” ड्रायव्हर म्हणाला, “सांगत नव्हतो?” मुख्य बाईंनी एक घास घेतला, थांबल्या, आणि बोटाने तोंडातून अक्रोडाचा तुकडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “चव तीच आहे,” त्या म्हणाल्या, “अगदी तीच. पण माझ्यात हे नसायचं.” काका म्हणाले, “माझ्यात द्राक्षं नसायची.” मग दोघांनी एकमेकांच्या ताटात डोकावून बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, “म्हणजे बाई आपल्याला वेगवेगळं वाढायच्या? एकाच वाडग्यातून?” आणि मग त्यांना आठवायला लागलं. ती वाडग्याच्या एका बाजूला द्राक्षं ठेवायची, दुसऱ्या बाजूला अक्रोड, आणि वाढताना चमचा फिरवून ज्याला जे नको ते टाळायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी मात्र सगळं एकत्र करून ठेवलं होतं.

काकांनी एकेक द्राक्ष उचलून ड्रायव्हरच्या ताटात टाकायला सुरुवात केली. ड्रायव्हर म्हणाला, “काका, इस्त्री केलेलं नकोय, थेट टाका.” मुख्य बाईंचे अक्रोड नव्या बाईने मागून घेतले. कुणी काही टाकलं नाही. वाडगा रिकामा झाला. ‘पुढच्या वर्षी पण तुम्हीच,’ असं मुख्य बाई म्हणाल्या आणि मी मान हलवली. हो म्हणालो की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात नव्या बाईने सहज विचारलं, “आणि त्या स्वतः कसं घ्यायच्या?”

मुख्य बाई म्हणाल्या, त्या शेवटी बसायच्या. काका म्हणाले, तोवर आमचं आटपलेलं असायचं. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, “मला बघावं लागेल.” काय बघावं लागेल, कुठे, ते काही मी बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सगळे चांगले लोक आहेत.

तर असं झालं. गोष्ट लांबली, तुमचा वेळ घेतला. गुडघ्याला शेक देत जा, आणि उत्तर सवडीने लिहिलंत तरी चालेल, घाई काही नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. अक्का, तुम्ही तिच्याबरोबर लहानाच्या मोठ्या झालात, एका ताटात जेवलात. तिला द्राक्षं आवडायची का? की अक्रोड? की नुसतंच क्रीम? मला आठवत नाही असं नाही, मला ते कधी दिसलंच नाही. ती माझी वाटी आधी ठेवायची आणि स्वतः वाढून घ्यायची तोवर मी बातम्यांपाशी असायचो. तेवढं एक कळवा. त्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं, बाकीचं तुम्हांला हसू यावं म्हणून.

आणखी एक. तुम्हांलाही नक्की ठाऊक नसेल, तर कृपा करून काहीतरी बनवून लिहू नका. ठाऊक नाही असं लिहा. मी पुढच्या वेळी सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसेन आणि उरेल ते घेऊन बघेन. (चिकन वगळून.)

शेवटचं. पत्र पाकिटात घालतो आहे. खाली टपालपेटी उद्या सकाळी लवकर उघडतात म्हणून आत्ताच टाकून येतो. बाहेर वारा सुटलाय, आधी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालतो.